तीन भागांचं इंजिन, सगळा भार सीलांवर : माझदा रेनेसिसचं परीक्षण

माझदाची जुनी आरएक्स-८ विकायला काढताना बरेच जण जाहिरातीत ठसक्यात लिहितात, ‘इंजिन थेंबभरही ऑइल खात नाही.’ पिस्टनच्या गाडीला हे प्रशस्तिपत्र शोभतं. रोटरीच्या, म्हणजे पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर असलेल्या इंजिनाच्या गाडीबाबत हे वाक्य वाचलं की जाणकार माणूस पुढची जाहिरात उघडतो. या इंजिनाने ऑइल खाल्लंच पाहिजे, तसं ते मुद्दाम बनवलं आहे. खात नसेल तर आत ऑइल सोडणारा पंप तरी बंद पडलाय, नळी तरी चोंदलीय, किंवा मालकाने डिपस्टिक कधी बाहेर काढलेलीच नाही.

परीक्षण आहे रेनेसिसचं, म्हणजे १३बी-एमएसपी या दोन रोटरांच्या इंजिनाचं. ते २००३ पासून २०१२ पर्यंत आरएक्स-८ मध्ये आलं आणि २००३ मध्येच त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताबही मिळाला. आज जुन्या बाजारात सहज सापडणारी रोटरी हीच. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हात पिस्टनवर बसलेला असतो आणि घोळ तिथेच होतो. म्हणून आधी हे इंजिन आतून कसं चालतं ते पाहू. पुढचे सगळे आजार त्या रचनेतूनच निघतात.

आत काय फिरतं

पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली करतो, कनेक्टिंग रॉड ती हालचाल क्रँककडे नेतो आणि क्रँक ती गोल करतो. ताजी हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वर व्हॉल्व्ह. ते उघडायला कॅमशाफ्ट, कॅमशाफ्ट फिरवायला चेन किंवा बेल्ट. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनात नुसते व्हॉल्व्हच १६ असतात, त्यांच्या स्प्रिंगा वेगळ्या.

रेनेसिसमध्ये हलणारे मुख्य भाग तीन : दोन रोटर आणि त्यांच्या मधून जाणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट. रोटर म्हणजे बाजू फुगवलेला ओतीव लोखंडाचा त्रिकोण. तो ज्या पोकळीत फिरतो ती लंबगोल, पण मध्यावर किंचित कंबर असलेली. रोटरची तिन्ही टोकं कायम या पोकळीच्या भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो. मोठा होताना हवा-पेट्रोल ओढतो, लहान होताना दाबतो, ठिणगी पडली की फुगतो, मग धूर ढकलून देतो. म्हणजे चारही स्ट्रोक आहेतच, फक्त ते एका जागी न होता पोकळीच्या चार वेगवेगळ्या भागांत होतात. इनटेक आणि एक्झॉस्ट म्हणजे बाजूच्या प्लेटमधली भोकं (पोर्ट). ती झाकणं-उघडणं रोटर स्वतःच्या कडेने करतो, त्यामुळे व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, टायमिंग चेन तुटण्याची भीती नाही.

रोटरच्या पोटात ५१ दात्यांचा गिअर असतो आणि तो बाजूच्या प्लेटला पक्क्या बसवलेल्या ३४ दात्यांच्या गिअरभोवती लोळत जातो. हा गिअर ताकद पोचवत नाही, रोटरची दिशा फक्त जुळवून धरतो. ताकद जाते ती रोटरच्या बेअरिंगमधून शाफ्टच्या १५ मिमी बाहेर सरकलेल्या गोळ्यावर. या रचनेमुळे शाफ्टचे ३ फेरे होतात तेव्हा रोटरचा एकच होतो. टॅकोमीटरवर ९००० दिसत असताना रोटर ३००० नेच फिरत असतो. रोटरी इंजिन वरच्या आरपीएमला इतकं निवांत का वाटतं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं की, पिस्टनला त्याच ९००० वर सेकंदाला ३०० वेळा थांबून दिशा बदलावी लागते आणि रोटर कुठेच थांबत नाही. त्याचा मध्य साध्या वर्तुळात फिरतो, म्हणून पुढे-मागे दोन काउंटरवेट लावले की तोल पूर्ण साधतो.

१.३ लिटर की २.६?

यावर वाद घालणाऱ्यांची कमी नाही. रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिमी, शाफ्टची सरक १५ मिमी, रोटरची जाडी ८० मिमी. या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ३ आणि ३ च्या वर्गमुळाने गुणलं की एका कप्प्याचे ६५४ घनसेंटिमीटर निघतात. दोन रोटर, म्हणून १.३ लिटर. पण चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनाची लिटरं आपण क्रँकच्या दोन फेऱ्यांवर मोजतो. तेवढ्याच दोन फेऱ्यांत रेनेसिसचे चार कप्पे पेटतात, म्हणजे २.६ लिटरचं काम होतं. जपानमध्ये वाहनकरासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतात, तिथे हेच इंजिन १९६२ सीसीचं ठरतं आणि दोन लिटरच्या रेषेखाली बसतं. पेट्रोलपंपावर मात्र २.६ हाच आकडा खरा मानून चालावं.

युरोपातल्या सहा पोर्टच्या रेनेसिसला कागदावर ८२०० आरपीएमवर २३१ पीएस (अश्वशक्ती) आणि ५५०० वर २११ न्यूटनमीटर टॉर्क आहे. १.३ लिटरला हे आकडे अफाट, २.६ लिटरला ताकद ठीक आणि टॉर्क किरकोळ. चालवताना दुसरं मूल्यमापन पटतं. ३००० च्या खाली गाडी ओढत नाही, चढावर चौथ्या गिअरमध्ये दाबलं तर नुसता आवाज वाढतो. साधारण ३७५० ला दुय्यम पोर्ट उघडतात, ६२५० ला तिसरे आणि ७२५० च्या आसपास इनटेकच्या नळीची लांबी बदलते. या पायऱ्यांवर इंजिनाचा मूड बदललेला स्पष्ट कळतो. ६००० ते ९००० चा पट्टा हीच या मशीनची खरी देणगी आहे. कंप नाही, धडधड नाही, काटा कधी वर गेला ते कळत नाही, म्हणून तर रेडलाइनच्या आधी बीप वाजते. इंजिन लहान आणि हलकं असल्याने ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे सरकवता आलं. आरएक्स-८ वळणावर जी वळते तिचं अर्धं श्रेय स्टीअरिंगला नव्हे, या आकाराला द्यावं लागेल.

गळती

रोटरीचा मूळ प्रश्न एका शब्दाचा आहे : गळती. पिस्टनभोवतीची सील म्हणजे गोल रिंग. गोल वस्तू गोल भोकात बसवणं सोपं असतं, शिवाय रिंगेला खालून भरपूर ऑइल मिळतं. रोटरला तीन टोकं आणि दोन बाजू आहेत. प्रत्येक टोकावर एक एपेक्स सील, दोन्ही बाजूंना मिळून सहा साइड सील आणि या दोघींचा सांधा जिथे येतो तिथे सहा कॉर्नर सील. म्हणजे एका रोटरमागे १५ तुकडे, दोन रोटरांचे ३०, आणि प्रत्येकाच्या मागे स्वतःची स्प्रिंग. रेनेसिसमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बाजूच्या प्लेटमध्ये आल्याने धूर आतून इनटेककडे सरकू नये म्हणून कट-ऑफ सील आणखी घालावी लागली. भाग कमी आहेत म्हणून काम कमी, या हिशेबाने इथे जाऊ नये.

त्यातली एपेक्स सील सर्वांत दुर्दैवी. जाडी २ मिमी. ९००० आरपीएमवर ती भिंतीवरून सेकंदाला सरासरी ३४-३५ मीटरने घासत जाते, मध्ये विसावा नाही. भिंतीशी तिचा कोन सतत बदलतो, कधी पुढे कधी मागे, २५ अंशांपर्यंत. एका बाजूला पेटलेला वायू, दुसऱ्या बाजूला दबणारा, आणि दाबाची बाजू दर फेरीत पालटते. १९६० च्या दशकात माझदाच्या पहिल्या प्रायोगिक इंजिनांमध्ये सील थरथरून हाउसिंगच्या (पोकळीच्या कवचाच्या) क्रोमवर आडव्या रेघा उमटत. हिरोशिमातल्या इंजिनिअरांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असं नाव दिलं होतं. केनिची यामामोतो यांच्या चमूने सीलचा पदार्थ आणि तिची नैसर्गिक कंपनसंख्या बदलून तो प्रश्न सोडवला आणि १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. त्याच वर्षी जर्मनीतल्या एनएसयूने आरओ ८० बाजारात आणली. मूळ शोध याच कंपनीतला, फेलिक्स वांकेल यांचा. गाडीने ‘कार ऑफ द इयर’ पटकावलं, पण सुरुवातीच्या इंजिनांच्या सीलांनी कंपनीला वॉरंटीत पार नागवलं.

सीलवर ऑइलचा थर हवा, पण तिथे क्रँककेसमधून ऑइल उडत नाही. म्हणून मीटरिंग पंप तळाच्या ऑइल-टाकीतलं (संपमधलं) ऑइल मोजून मोजून थेट कप्प्यात सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. साधारण १५०० ते ३००० किमीला एक लिटर हा निरोगी खप आहे. आधीच्या गाड्यांत एका रोटरला ऑइलच्या दोनच नळ्या होत्या, त्या सीलच्या दोन्ही बाजूंना ऑइल देत आणि मधला पट्टा त्यामानाने कोरडा राही. २००९ पासूनच्या सुधारित आवृत्तीत मध्ये तिसरी नळी आली आणि पंपही विजेवरचे झाले. दोन गाड्यांमध्ये निवड करायची असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून नंतरची घ्यावी.

आधीची असेल तर पेट्रोलच्या टाकीत लिटरमागे ४-५ मिली कमी राखेचं टू-स्ट्रोक ऑइल टाकणारे अनेक जण आहेत. यावर हातघाईवर येणारे मेकॅनिक भेटतील, पण तर्क सरळ आहे. टू-स्ट्रोक ऑइल जळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि ते मधल्या कोरड्या पट्ट्यापर्यंत पोचतं. मीटरिंग पंप बंद करून फक्त टाकीतल्या ऑइलवर भिस्त ठेवणं हा मात्र रेसिंगवाल्यांचा खेळ, रोजच्या गाडीवर तो करू नये. एका टाकीला विसरलात की संपलं.

मायलेज का मिळत नाही

लिटरला ९ किमीच्या आसपास हा कागदावरचा एकत्रित आकडा, शहरात ६-७ मिळाले तरी तक्रार करू नये. कारण जळण्याच्या जागेचा आकार. पिस्टनच्या माथ्यावरची जागा बुटकी, गोल, आटोपशीर असते आणि ठिणगीपासून सगळ्या भिंती जवळ. रोटरीत ती लांब, चपटी आणि शिवाय पळती. आकारमानाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून उष्णता भिंतीत जाते. रोटर पुढे सरकताना मिश्रणही पुढे ढकलतो, मागच्या कोपऱ्यापर्यंत ज्योत पोचायच्या आत एक्झॉस्ट उघडतो आणि तिथलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. म्हणूनच एका रोटरला दोन प्लग आहेत. खालचा लीडिंग प्लग आधी ठिणगी देतो, वरचा ट्रेलिंग काही अंशांनी मागून. ट्रेलिंगचं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, कारण एपेक्स सील त्यावरून जाताना दोन कप्प्यांमधला दाबाचा फरक बराच असतो आणि भोक मोठं असेल तर वायू त्यातूनच पलीकडे पळतो.

रेनेसिसच्या आधीच्या १३बी इंजिनात एक्झॉस्टचं भोक बाहेरच्या भिंतीत होतं. ते उघडं असतानाच इनटेकही उघडे आणि थोडं ताजं मिश्रण वाया जाई. रेनेसिसने एक्झॉस्ट बाजूच्या प्लेटमध्ये नेला, दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा प्रकार संपवला आणि न जळलेलं पेट्रोल पुन्हा पुढच्या फेरीत जळायला ठेवलं. धुराचं गणित त्यामुळेच सुधारलं, तरी युरोपातली विक्री २०१० मध्ये युरो ५ या प्रदूषणाच्या नियमांपुढे थांबली. या सुधारणेची किंमतही आहेच. दोन्ही रोटरांचा धूर ज्या मधल्या प्लेटमधून जातो ती प्रचंड तापते, तिथे कार्बन साचतो आणि साइड सील खाचेत चिकटतात.

एक गंमत जाता जाता. हायड्रोजनवर हेच इंजिन पिस्टनपेक्षा शहाण्यासारखं वागतं. इनटेकची जागा जळण्याच्या जागेपासून दूर आणि थंड असल्यामुळे हायड्रोजन वेळेआधी पेटत नाही. माझदाने आरएक्स-८ ची तशी आवृत्ती चालवूनही दाखवली होती.

काय बिघडतं आणि का

एपेक्स सील गेली असं सगळेच म्हणतात, पण ती शेवटची पायरी असते. सुरुवात बहुतेक वेळा इग्निशन कॉइलपासून होते. चार कॉइल आहेत, गरम जागी आहेत, आणि ५०,००० किमीच्या आसपास त्यांची ठिणगी मलूल होते. गाडी बंद पडत नाही, नुसती किंचित मिसिंग मारते, आणि मालक महिनोन्महिने तशीच पळवतो. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आतली जाळी वितळून चोंदते, धूर अडतो आणि ती उष्णता उलटी इंजिनात येते. मग सील. म्हणून चारही कॉइल एकदमच बदलाव्यात, वायरी आणि प्लगही सोबत. प्लग लावताना लीडिंग खाली, ट्रेलिंग वर. दोघांची हीट रेंज (उष्णता सोसण्याची श्रेणी) वेगळी आहे (७ आणि ९) आणि अदलाबदल झाली तरी ते बसतात, हीच खरी गोची.

दुसरं कारण उष्णता. पिस्टन इंजिनात त्याच जागी आग आणि त्याच जागी पुढच्या क्षणी गार मिश्रण येतं, तापमान आपोआप सरासरीवर राहतं. रोटरीच्या हाउसिंगची प्लगकडची बाजू जन्मभर तापलेली आणि इनटेकची बाजू जन्मभर थंड. त्यात अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग आणि लोखंडी प्लेट यांची चळत लांब बोल्टांनी एकत्र आवळलेली. एकदा जरी गाडी सपाटून तापली तरी हाउसिंग वाकतं आणि कूलंटच्या सीलमधून पाणी आत झिरपतं. सकाळी सुरू करताना पांढरा धूर, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आणि कमी होत जाणारी पातळी ही त्याची खूण. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला जोडायचा छोटा रीडर घ्या, त्यावर खरा आकडा दिसतो. १०५ अंशांच्या पुढे जायला लागला तर गाडी बाजूला. सुरुवातीच्या मॉडेलांतला ऑइल प्रेशरचा काटाही नुसता चालू-बंद स्विचसारखाच वागतो, त्याच्यावर विसंबू नये.

ऑइल दर ५००० किमीला बदला. रोटरच्या पोटात ऑइल फवारूनच तो थंड ठेवलेला असतो, म्हणजे इथे ऑइल अर्धं कूलंटचं काम करतं, शिवाय त्यात पेट्रोलही मिसळत राहतं. पातळी प्रत्येक दुसऱ्या टाकीला पाहावी. पिस्टनच्या गाडीत सर्व्हिसिंगपर्यंत बॉनेट न उघडणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि गाडी जपायची म्हणून कधीच वर न नेणं हा गैरसमज. दिवसातून एकदा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, काटा ८००० च्या पुढे गेला पाहिजे. हौस म्हणून नाही. कमी आरपीएमवरच चालवलेल्या गाडीत तिसऱ्या पोर्टच्या नळ्या कार्बनने जाम होतात आणि वरचा सगळा जोर जातो. सील खाचेत मोकळ्या राहायलाही हे लागतं.

ओव्हरफ्लो

या इंजिनाची बदनामी सर्वांत जास्त कशाने झाली असेल तर दहा फूट गाडी हलवून बंद करण्याने. थंड असताना इंजिन जास्त पेट्रोल घेतं. लगेच बंद केलं तर ते पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, सील कोरड्या पडतात, कॉम्प्रेशन जातं, प्लग भिजतात. नंतर कितीही सेल्फ मारा, उपयोग शून्य. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. पिस्टनच्या गाडीत हे क्वचित होतं, कारण रिंगेखाली ऑइल असतंच. म्हणून गाडी अंगणातून रस्त्यावर काढायची असली तरी तापमान ६०-७० अंशांवर जाईपर्यंत चालू ठेवावी. ते शक्य नसेल तर निदान बंद करण्याआधी काही सेकंद ३००० वर धरून मग किल्ली फिरवावी.

झालंच ओव्हरफ्लो, तर क्रम असा. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. पाय पूर्ण खाली असला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल तोडतो. १० सेकंदांपेक्षा जास्त एका दमात नको, मध्ये मिनिटभर थांबा. दोन-तीनदा करून दाद देत नसेल तर थांबा, बॅटरी उतरवू नका. फ्युएल पंपाचा रिले काढा, कॉइलची जोडणी काढा (पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र नको), चारही प्लग काढा, मग सेल्फ मारून आतलं पेट्रोल भोकांतून उडवून द्या. प्रत्येक रोटरमध्ये प्लगच्या भोकातून ५ ते १० मिली इंजिन ऑइल सोडा, पुन्हा थोडं फिरवा म्हणजे सीलवर थर बसेल. कोरडे किंवा नवे प्लग लावा, सगळं जोडा, सुरू करा. काही मिनिटं धुराचा लोट निघेल, घाबरू नये, ते तुम्ही टाकलेलंच ऑइल आहे. इतकं करूनही सुरू झाली नाही तर प्रश्न ओव्हरफ्लोचा नव्हता, कॉम्प्रेशन आधीच उतरलेलं होतं.

यात स्टार्टरचा वाटा मोठा. सीलमधून वायू ठरावीक वेगाने निसटतो, म्हणून रोटर जितका सावकाश फिरेल तितकी गळती जास्त. कमी आरपीएमवर गाडी मरगळलेली का, याचंही हेच एक कारण आहे. जुन्या गाड्यांचे स्टार्टर मंद होते, नंतर माझदाने जास्त ताकदीचे दिले. गाडीवर अजून जुना असेल तर आधी तो बदला, मगच इंजिनावर संशय घ्या.

विकत घेताना

गाडी थंड असतानाच पाहायला जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. थंड सुरुवात बहुतेक रोटरी देतात, कारण थंड ऑइल जाड असतं आणि भेगा बुजवतं. खरी परीक्षा गरम असताना होते. २० मिनिटं चालवा, मधे एकदा ९००० पर्यंत न्या, बंद करा, १० मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. दोन सेकंदांत पेटली तर पुढे बोला. फिरत राहिली आणि मग कशीबशी पेटली तर इंजिनकाम निघालंच आहे, किंमत त्या हिशेबाने करा.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, आणि ती रोटरीच्याच टेस्टरने. पिस्टनचा साधा गेज धरला तर आतला व्हॉल्व्ह तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्याचाच दाब पकडून ठेवतो आणि मेलेले दोन लपतात. रोटरीचा टेस्टर तिन्ही कप्पे वेगळे मोजून आकडे २५० आरपीएमवर आणून देतो. रेनेसिसचा प्रमाणित आकडा ८३० किलोपास्कल, किमान ६८०. एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० पेक्षा आणि दोन रोटरांत १०० पेक्षा जास्त फरक नको. टेस्टर मिळालाच नाही तर साध्या गेजमधला व्हॉल्व्ह काढा, लीडिंगच्या भोकात बसवा आणि सेल्फ मारताना सुईकडे पाहा. तीन सारखे झटके दिसले पाहिजेत. दोन मोठे आणि एक लुळा असेल तर त्या टोकाची किंवा त्या बाजूची सील गेली. तिन्ही सारखेच पण लुळे असतील तर झीज सर्वत्र आहे किंवा स्टार्टर मंद आहे.

अमेरिकेत माझदाने पुढे २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या मूळ इंजिनाची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. ती मुदत केव्हाच संपली, पण त्यामुळे अनेक गाड्यांत इंजिन एकदा बदललेलं असतं. बदललेलं असेल तर ते वाईट लक्षण मानू नका, फक्त कागद मागा. आणि बदलताना कॉइल व कन्व्हर्टरही बदलले का ते विचारा. नसतील बदलले तर नवं इंजिन जुन्याच वाटेने चाललंय.

गुण द्यायचेच तर गंमतीला १० पैकी ९, मायलेजला ३, टिकण्याला ५. हा ५ सरासरीचा आकडा आहे. हातात जाणकार असेल तर ७, नसेल तर २. रोजच्या चार-पाच किमीच्या फेऱ्या, वाहतुकीत अडकणं, घरातल्या तिघांनी चालवणं, असं असेल तर घेऊ नका, दोन लिटरचं कुठलंही पिस्टन इंजिन तुम्हाला जास्त सुख देईल. आठवड्याला एक-दोन लांब फेऱ्या आणि बॉनेट उघडायची आवड असेल तर या किमतीत ९००० पर्यंत असं गुळगुळीत फिरणारं दुसरं काही सापडणार नाही. रचनाच मुळात नाजूक आहे, हे मात्र पटत नाही. १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी ने जिंकली, तिच्यात चार रोटर होते, प्रत्येकाला याच मापाचे ६५४ सीसीचे कप्पे. सील सिरॅमिकच्या आणि रोटरमागे प्लग तीन, एवढी मुभा त्यांना होती.

माझदाने स्वतः काय धडा घेतला ते २०२३ च्या ८सी इंजिनात दिसतं. एमएक्स-३० या गाडीच्या या आवृत्तीत एकच रोटर आहे, ८३० सीसीचा, ५५ किलोवॅटचा, आणि तो चाकांना जोडलेलाच नाही, फक्त जनरेटर फिरवतो. मध्यापासून टोकापर्यंत १२० मिमी, जाडी ७६, म्हणजे रोटर मोठा पण सडपातळ. एपेक्स सील २ ची २.५ मिमी केली, बाजूच्या प्लेट लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या, पेट्रोल थेट कप्प्यात फवारलं जातं, कॉम्प्रेशन ११.९ ला १. कमी आरपीएमवरचा अशक्तपणा, दहा फूट हलवून बंद करणं, चढावर रखडणं, यातलं काहीच आता त्याच्या वाट्याला येत नाही, ते सगळं बॅटरी आणि मोटर सांभाळते. रेनेसिसचा वरचा पट्टा मात्र त्यात शोधायला जाऊ नका. जनरेटरला ९००० लागत नाहीत.